गाव सोडून जायचे कोठे?

गाव सोडावे की सोडू नये, हा प्रश्न आपल्या समाजापुरता तरी आता फारसा वादाचा राहिलेला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे संविधानाचा मसुदा मांडताना परमपूज्य बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील खेड्याविषयी जे परखड विचार व्यक्त केले, ते अनेक सभासदांना झोंबले. गावगाड्याची गोडी ज्यांनी ओसरीवर बसून चाखली त्यांना ते झोंबणे स्वाभाविकच होते. ज्यांच्या वाडवडिलांनी ती ओसरी झाडली त्यांना त्यात नवे असे काहीच वाटले नाही. त्यानंतर आपल्या लोकांनी या वादाचा निकाल भाषणांनी न लावता पायांनी लावला. २०११ च्या जनगणनेत देशातील एकंदर लोकसंख्येपैकी सुमारे ३१ टक्के लोक शहरांत राहत होते. बौद्धांत हेच प्रमाण सुमारे ४३ टक्के होते.

परंतु वाचकहो, गाव सोडावे हे ठरले म्हणजे कोठे जावे हेही ठरले, असे होत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आपण फार थोडा करतो. मेव्हणा जेथे गेला तेथे आपण, मुकादमाने जेथे नेले तेथे आपण, अशी आपली रीत पडून गेली आहे. ज्या निर्णयाने पुढच्या दोन पिढ्यांचे आयुष्य ठरावयाचे, तो निर्णय एखाद्या रात्री बोचके बांधताना घेतला जातो. त्या निर्णयाची कायद्याच्या बाजूने काय किंमत पडते, हे सांगणे वकील या नात्याने मी माझे कर्तव्य समजतो.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मारहाणीने, बहिष्काराने, पाणी तोडून किंवा घर जाळून ज्याला गावाबाहेर काढले जाते, तो स्थलांतर करीत नाही. त्याच्याविरुद्ध गुन्हा घडलेला असतो. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात जी घरे जळाली, त्या घरांतील माणसे शहरांत आली ती नशीब काढण्यासाठी नव्हे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीस तिचे घर, गाव किंवा राहण्याचे ठिकाण सोडण्यास भाग पाडणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ अन्वये स्वतंत्र अपराध आहे, आणि बहिष्कार घालणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही आहे. अशा माणसाने प्रथम फिर्याद नोंदवावी व मग बिऱ्हाड हलवावे. फिर्यादीवाचून गेलेला मनुष्य सरकारदप्तरी आपल्या खुशीने गेलेला ठरतो, आणि पुनर्वसनाची मदत मागावयास त्याच्या हाती काही उरत नाही.

आता आपल्या नाशिक जिल्ह्यातील माणसाचा विचार करू. येवला, निफाड, सिन्नर किंवा दिंडोरी तालुक्यातील भूमिहीन अगर एक-दोन बिघे जमिनीच्या कुटुंबापुढे आज साधारणतः तीन वाटा असतात. एक मुंबई-पुण्याची. दुसरी खुद्द नाशिक शहराची. तिसरी वाट सुरतेची. पेठ ओलांडले की गुजरातची हद्द लागते आणि पुढे उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून गेलेल्या मराठी माणसांच्या मोठ्या वस्त्या आहेत. या तिन्ही वाटांविषयी सल्ला मागावयास आलेला मनुष्य हजेरी किती पडते हे विचारतो, खोलीचे भाडे काय हे विचारतो. मुलगा तेथे दहावी झाला तर पुढे काय, असे विचारणारा क्वचितच भेटतो. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असावयास हवा.

असा प्रश्न विचारणारा एक पुरुष आपल्या इतिहासात होऊन गेला. सुभेदार रामजी सकपाळ हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. लष्करातील नोकरीनंतर दापोली, सातारा असा मुक्काम करीत १९०४ च्या सुमारास ते मुलांना घेऊन मुंबईस आले आणि परळच्या चाळीतील एका खोलीत राहिले. पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाला मुंबई परवडण्याजोगी नव्हती, आणि साताऱ्यात पोट भरले नसते असेही नाही. पण मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल होते. सुभेदारांनी शाळा पाहून गाव निवडले. पुढे काय झाले ते मी सांगावयास नको.

परंतु त्या वेळची मुंबई म्हणजे आजची मुंबई नव्हे, आणि ती मुंबईदेखील आपल्याला सर्व दारे उघडी ठेवून बसली नव्हती. गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातील तुटलेले सूत तोंडाने ओढावे लागते, त्याचा विटाळ होतो, ही त्यामागची सबब. चांगली मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा समतेच्या घोषणा देणाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला. शहरात जात गळून पडते असे म्हणणाऱ्यांनी हे विणकाम खाते विसरू नये. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्याच संपल्या. आजोबा मुंबईस जाऊन सुखी झाले म्हणून नातवानेही डोळे मिटून मुंबईच गाठावी, या तर्कात आता काही अर्थ राहिलेला नाही.

यापुढील मुद्दा पुष्कळांना ठाऊक नसतो, आणि ठाऊक होतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला देशभर संचार करण्याचा व कोठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क निर्विवाद आहे. परंतु अनुसूचित जातींची यादी अनुच्छेद ३४१ प्रमाणे राज्याराज्यांसाठी निरनिराळी आहे, आणि एखादी जात अनुसूचित गणली जाते ती 'त्या राज्याच्या संबंधात' गणली जाते. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या कुटुंबातील एक विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणापासून मुंबईत वाढला होता. त्याने मुंबईच्या शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी अमान्य केली. १९९४ च्या आणखी एका निकालाने हेच तत्त्व दृढ झाले आणि २०१८ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठानेही एका राज्याची अनुसूचित जाती दुसऱ्या राज्यात तशी मानता येणार नाही, असेच सांगितले. जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असले, तरी फरक पडत नाही. महार जात गुजरातच्याही यादीत आहे. पण नाशिकहून आज सुरतेस गेलेल्या महाराला, अथवा त्याच्या तेथे जन्मलेल्या मुलाला, गुजरात सरकारच्या राखीव जागेवर त्या नावाने हक्क सांगता येत नाही. १ मे १९६० पूर्वी नाशिक व सुरत ही दोन्ही एकाच मुंबई राज्यात होती. त्या काळी गेलेल्यांचा प्रश्न निराळा आहे, तो येथे उकरीत नाही.

मूळ राज्याच्या व केंद्र सरकारच्या सवलती अशा माणसाला राहतात, हे खरे. परंतु मूळ राज्याच्या सवलतींनाही रहिवासाच्या व शिक्षणाच्या अटी असतात. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यातून प्रवेश हवा तर, काही अपवाद सोडता, दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणजे सुरतेत दहावी-बारावी झालेली आपली हुशार मुलगी गुजरातेत परकी आणि महाराष्ट्रात अपात्र. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी तो असा. बापाने रोजी शे-दोनशे रुपये अधिक मिळविले, पण मुलीच्या डोक्टरकीचा दरवाजा त्याच दिवशी बंद झाला आणि त्याचा आवाजही कोणाला ऐकू आला नाही.

येथे एक दिलासा नोंदविला पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मात्र राज्याच्या हद्दीवर थांबत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने असा निर्णय दिला, की मूळ राज्यात अनुसूचित जाती वा जमातीची असलेली व्यक्ती देशात कोठेही असली तरी तिला या कायद्याचा आश्रय मिळतो. शिवीगाळीविरुद्ध दाद सर्वत्र मागता येते; शाळेतील राखीव जागा सर्वत्र मागता येत नाही. कायद्याची आजची स्थिती ही अशी आहे, आणि ती मला न्याय्य वाटत नाही. माणसाची अस्पृश्यता रेल्वेत त्याच्याबरोबर चढते, घर शोधताना त्याच्या आधी तेथे पोहोचते, आणि तिच्यावरचा उपाय तेवढा मूळ गावी राहतो, ही व्यवस्था संसदेने बदलली पाहिजे. पण ती बदलेपर्यंत आपण ती नाही असे समजून वागणे परवडणारे नाही.

कोणी म्हणेल, सवलतींच्या कुबड्या घेऊन किती दिवस चालणार? हे बोलणारे बहुधा सुस्थितीत असतात. वाडवडिलांच्या जमिनी, सावकारी आणि ओळखीपाळखी या ज्यांच्या कुबड्या, त्यांना त्या कोणी टाकावयास सांगत नाही.

तेव्हा जाणाऱ्याने बरोबर काय न्यावे? भांड्यांच्या आधी कागद. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा व नवबौद्धाचा दाखला काढावयाचा, तर कुटुंब १० ऑगस्ट १९५० रोजी कोठे राहत होते हे दाखवावे लागते, आणि दाखला त्या ठिकाणच्या सक्षम अधिकाऱ्याकडून मिळतो. आजोबांच्या शाळेचा उतारा, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची नक्कल, जुना खासरापत्रकाचा किंवा सातबाऱ्याचा उतारा, हे कागद गावात किंवा तालुक्याच्या कचेरीत असतात. ते शहरात बसून मिळत नाहीत, आणि दरवर्षी जीर्ण होत जातात. आपल्या बौद्ध बांधवांनी येथे विशेष सावध राहावे. १९५६ नंतर पुष्कळांनी शाळेत अभिमानाने केवळ 'बौद्ध' अशी नोंद केली. तो अभिमान योग्यच होता. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांना पूर्वीच दिल्या होत्या. केंद्राने मात्र १९९० साली कायदा दुरुस्त करून अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांचा समावेश केला. त्यामुळे पूर्वीची जात कोणती हे दाखविणारा एक तरी जुना कागद घरात असलाच पाहिजे. ज्या नावाचा आपण त्याग केला तेच नाव सिद्ध करावे लागावे, हा कायद्याचा विनोद आहे, आणि तो आपल्या पदरी आहे.

कागदानंतर जमीन. गाव सोडणाऱ्या माणसाच्या मनात एक कडवटपणा असतो. या मातीने आम्हाला काय दिले, असे म्हणून तो मिळेल त्या भावाने तुकडा देऊन टाकतो. असे करू नये. महार वतनाविरुद्धचे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात मांडले. वतन प्रत्यक्षात नष्ट झाले ते १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. ज्या जमिनी कब्जेहक्काची किंमत भरून घेऊन वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या, त्या नवीन व अविभाज्य शर्तीने दिल्या गेल्या, आणि कलेक्टरच्या पूर्वमंजुरीवाचून त्यांचे हस्तांतर होऊ नये असे बंधन कायद्याने घातले. ही अट जाचक वाटली तरी तिने पुष्कळ जमिनी वाचविल्या आहेत. तरीही साध्या कागदावर, विसाराच्या नावाखाली, कुळाच्या नावाने अशा जमिनी गिळल्या जातातच. आणि शहराची हद्द वाढत गावापर्यंत येऊन पोहोचली, की गिळणाऱ्याची भूक वाढते. सही करण्यापूर्वी सातबारा व फेरफार माहितगाराला दाखवावा. याच नाशिक जिल्ह्यातील आंबे दिंडोरीचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांसाठी सत्याग्रह उभारला, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. शहराकडे चला म्हणणारी आणि जमीन द्या म्हणणारी चळवळ एकच होती. त्यात विसंगती शोधणाऱ्यांना गाव सोडणे व गावावरील हक्क सोडणे यांतील अंतर कळलेले नाही.

वास्तविक बाबासाहेबांच्या मनात तिसरीच कल्पना होती. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांची मागणी करण्यात आली. १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी पडीक जमिनीवर अशा वसाहती करण्याची व त्यासाठी वसाहत मंडळ नेमण्याची योजना दिली. ती स्वीकारली गेली नाही. म्हणून आज आपल्याला कोणाच्या तरी शेजारी घर शोधावे लागते, आणि तेथे आडनाव विचारले जाते.

घराच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात पाहू. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याचे, म्हणजेच आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ असे सांगते, की अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास मज्जाव करणे हा गुन्हा आहे. कलम १२ अधिक महत्त्वाचे. अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत असे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावयाचे. इतके धारदार शस्त्र हाती असून आपण ते म्यानातच ठेवतो, कारण घर शोधणाऱ्याला घर हवे असते, खटला नको असतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. त्या निकालाचा आधार घेऊन उद्या कोण आपापल्या जातीच्या भिंती बांधील याचा नेम नाही.

भाड्याने राहणाऱ्याने करार लेखी व नोंदणीकृत करून मागावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. झोपडी विकत घेणाऱ्याला माझे सांगणे असे, की मुद्रांकाच्या कागदावर नोटरीचा शिक्का उमटला म्हणजे मालकी आली, ही समजूत टाकून द्यावी. स्थावर मिळकतीची मालकी नोंदणीवाचून येत नाही. झोपडपट्टीच्या कायद्याने मोफत पुनर्वसनाचे संरक्षण १ जानेवारी २००० पर्यंतच्या झोपडीधारकांना दिले, त्यापुढे १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना सशुल्क. आज येणाऱ्याला त्यातले काहीच नाही, हे झोपडी विकणारा दलाल कधीही सांगत नाही.

इतका विचार केल्यावर माझे मत मी झाकून ठेवीत नाही. ज्याला दूरच्या शहरात पक्की, कायम स्वरूपाची नोकरी मिळाली आहे त्याने खुशाल जावे. परंतु केवळ हजेरीच्या आशेने निघणाऱ्या कुटुंबाने राज्याची हद्द ओलांडू नये, आणि शक्य तर प्रथम आपल्याच जिल्ह्याचे शहर निवडावे. नाशिकचे उदाहरण घ्या. नाशिकरोडला १९२० च्या दशकापासून सरकारी छापखाने आहेत, ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, सातपूर-अंबडला औद्योगिक वसाहती आहेत. तेथील कारखान्यांत कायम कामगार कमी व कंत्राटी अधिक होत चालले आहेत, हे मला ठाऊक आहे; मजुरी पुण्याइतकी नाही, हेही ठाऊक आहे. पण येथे महाविद्यालये आहेत, समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत, जिल्हा न्यायालय व जात पडताळणी समिती आहे. तलाठ्याकडे जाऊन एसटीने संध्याकाळी घरी परतता येते, आणि बांधावर शेजाऱ्याने नांगर घातला तर ते आठ दिवसांत कळते. रेशनकार्ड आता देशात कोठेही चालते, मतदारयादीतील नाव अर्ज देऊन हलविता येते. पण गावच्या दप्तराशी असलेला संबंध हलविता येत नाही. तो राखण्यासाठी जवळ राहावे लागते.

शेवटी एक गोष्ट, जी पुरुषवाचकांना कदाचित रुचणार नाही. गाव सोडण्याच्या बैठकीत घरातील स्त्रीला कोणी विचारीत नाही, आणि निघण्यापूर्वी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर अंगठे मात्र आठवणीने घेतले जातात. हिंदू उत्तराधिकाराचा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा झाला आहे. गावच्या तुकड्यावर बहिणीचे नाव राहू द्यावे. ती पुष्कळदा जवळच्याच गावी नांदत असते, आणि शहरात गेलेल्या भावापेक्षा त्या जमिनीवर तिचे लक्ष अधिक राहते. शहरात घर घेण्याचा योग आला तर खरेदीखत पत्नीच्या नावे करावे. महाराष्ट्रात २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाताना तिलाही बरोबर न्यावे, आणि खत तिला वाचून दाखविल्यावाचून सही करावयास सांगू नये.